स्प्रिंग बूटमध्ये मॅक्स-साइज 50 दिलं, तरी कामं आठच थ्रेडवर का चालतात?

तुम्ही लिहिलंय की मेथडवर अ‍ॅसिंक लावलं (काम मागे वेगळ्या थ्रेडवर, म्हणजे प्रोग्राममधल्या वेगळ्या कामगारावर, चालावं म्हणून), थ्रेडच्या पूलचं मॅक्स-साइज 50 केलं, तरी लॉगमध्ये टास्क-1 ते टास्क-8 हीच नावं फिरतायत. सेटिंग लागू झालंय, पण 50ची वेळच येत नाही.

जावाचा थ्रेडपूल आधी कोअर-साइजएवढे थ्रेड उघडतो. पुढची कामं रांगेत लावतो. रांग भरली तरच नववा थ्रेड. बूटमध्ये कोअर-साइज मुळात 8 आहे, आणि क्यू-कपॅसिटी, म्हणजे रांगेची मर्यादा, 214 कोटींच्या वर! म्हणजे दादरला आठ तिकीटखिडक्या उघड्या ठेवायच्या आणि रांग पार कर्जतला पोचली की मगच नववी उघडायची, असा हिशोब. (बूटमधला वेब सर्व्हर टॉमकॅट स्वतःच्या रिक्वेस्ट थ्रेडचं नेमकं उलट करतो, आधी थ्रेड वाढवतो आणि मग रांग लावतो. बऱ्याच जणांचा घोळ तिथेच होतो.)

तेव्हा क्यू-कपॅसिटीला आकडा द्या, 100 वगैरे. मात्र मग रांगही भरली आणि मॅक्सही गाठलं, की पुढचं काम नाकारलं जातं, एक्सेप्शन येतं. त्यासाठी एक्झिक्युटरचं (हा पूल चालवणाऱ्या ऑब्जेक्टचं) बीन स्वतः लिहून त्याला कॉलर-रन्स पॉलिसी द्या. काम पाठवणारा थ्रेडच ते काम उरकतो. युजर जरा खोळंबतो, पण काम हरवत नाही.

50चा हट्ट मात्र सोडा. हा उद्योग मी केलाय. विक्रोळीच्या ऑफिसात महिनाअखेरीला पावत्या मेल करायच्या होत्या, मी बेधडक 50 थ्रेड केले. डेटाबेसची कनेक्शन्स सांभाळणाऱ्या हिकारी लायब्ररीचा कनेक्शन पूल मुळात 10चा. दहा थ्रेड कामाला, चाळीस ताटकळत, 30 सेकंदांनी टाइमआउट. आणि लॉगिनसुद्धा त्याच पूलमधून कनेक्शन घेत असल्यामुळे सगळी साइटच ठप्प. काम डेटाबेसचं असेल तर थ्रेडचा आकडा कनेक्शन बघूनच ठरवायचा.

दुसरं, ही रांग फक्त मेमरीत असते. डिप्लॉय केलं की रांगेतली कामं गेली. शटडाउनचं अवेट-टर्मिनेशन ट्रू करा आणि पिरियड 60 सेकंद द्या, म्हणजे सर्व्हर हातातली कामं संपवून बंद होईल. प्रोसेसच मारली तर त्याचाही उपयोग नाही. म्हणून आमच्या पावत्या आता आधी टेबलात नोंदतात आणि थ्रेड तिथून उचलतो.

खात्री करायची तर आपल्याच मशीनवर क्यू-कपॅसिटी 5 ठेवा, मेथडमध्ये 30 सेकंदांचा स्लीप टाका आणि पटापट कामं पाठवा. आठ चालतील, पाच रांगेत बसतील, चौदाव्याला टास्क-9 दिसेल.