अविवाहित काकांचं घर आणि पुतण्यांचा वाटा

प्रश्न : अविवाहित काका मृत्युपत्र न करता गेले. घर त्यांच्या स्वकमाईचं. आजी-आजोबा नाहीत, दोन आत्या आहेत. बाबा काकांच्या आधीच वारले. बाबांचा वाटा आम्हा भावंडांना मिळेल ना?

उत्तर : नाही, आणि हे लिहिताना मला खरंच वाईट वाटतंय. १९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात सख्खे भाऊ-बहीण वरच्या क्रमात, पुतणे-भाचे खालच्या. त्यामुळे घर दोघी आत्यांचं, निम्मं-निम्मं. बाबा काकांनंतर एक दिवस जरी हयात असते, तर त्यांचा १/३ हिस्सा त्यांच्या वारसांकडे, म्हणजे तुमच्या आईकडे आणि तुम्हा भावंडांकडे आला असता. म्हणून दोन्ही मृत्यूदाखल्यांवरच्या तारखा आधी ताडून पाहा.

आत्यांना मनापासून तुम्हाला हिस्सा द्यायचा असेल, तर दोन साक्षीदारांसह नोंदणीकृत बक्षीसपत्र करावं. हक्कसोडपत्र नको, ते सहहिस्सेदाराच्या, म्हणजे त्याच मालमत्तेत आधीच वाटा असलेल्याच्या नावे करायचं असतं, आणि तुमचा तसा वाटा नाही. नोटीस पाठवू नका, आत्यांकडे जाऊन बोला.