चोवीस हजारांचा बेल्ट हप्त्यावर घ्यावा का?

मिरजेच्या वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा: वय २५, हातात पगार २६,०००, घरी ८,००० देतात, बचत ३१,०००. दोन महिन्यांनी पॉवरलिफ्टिंगची (स्क्वॉट, बेंच प्रेस आणि डेडलिफ्टमध्ये वजन उचलण्याचा खेळ) पहिली जिल्हा स्पर्धा. समोर वजन उचलताना कंबरेला बांधायचे तीन बेल्ट आहेत: वेल्क्रोचा नायलॉनचा १,४०० ला, १० मिमी जाडीचा देशी चामड्याचा ५,५०० ला आणि १३ मिमीचा परदेशी लिव्हरवाला (खटक्याने बंद होणारा) २४,००० ला. महागडा बेल्ट क्रेडिट कार्डावर बारा महिन्यांच्या ‘नो-कॉस्ट’ हप्त्याने मिळतोय. घेऊ का?

आत्ता नको. आणि स्वस्त म्हणून १,४०० चाही नको, कारण ते पैसे तर सरळ पाण्यात जातील. आंतरराष्ट्रीय पॉवरलिफ्टिंग महासंघाच्या नियमांत बेल्ट जास्तीत जास्त १० सेंमी रुंद आणि १३ मिमी जाड चालतो, त्याला बकल किंवा लिव्हर लागतो, आतून गादी चालत नाही. वेल्क्रोचा बेल्ट किट तपासणीतच बाजूला काढतील. सांगलीच्या संकेत सरगरने २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य जिंकलं ते वेटलिफ्टिंगमध्ये, तो खेळ वेगळा. त्या खेळात १२ सेंमीपर्यंतची रुंदी चालते. तेव्हा नुसतं ‘वेटलिफ्टिंग बेल्ट’ नाव बघून मागवू नका. महासंघाची मान्यताप्राप्त कंपन्यांची यादीही असते. जिल्हा पातळीवर ती किती काटेकोर पाळतात, हे संघटनेच्या सचिवांना आधी विचारा आणि उत्तर व्हॉट्सअॅपवर लेखी घ्या. ५,५०० चा निर्णय त्या एका मेसेजवर अवलंबून आहे.

आता हप्ता. ‘नो-कॉस्ट’मध्ये व्याजाइतकी सूट दुकान देतं, पण व्याजावरचा १८ टक्के जीएसटी तुमच्याच खिशातून जातो. दर १५ टक्के धरला तर तो ३३० रुपयांच्या आसपास होतो, वर प्रोसेसिंग फी. एवढ्याने कुणी बुडत नाही. माझा आक्षेप दुसराच आहे. तुमची बचत जेमतेम सव्वा पगाराची. एखाद्या महिन्यात कार्डाचं बिल थकलं, तर व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या घरात लागतं आणि तेव्हा बेल्ट विकूनही सुटका होत नाही. शिवाय स्पर्धा म्हटली की सिंगलेट (अंगाला घट्ट बसणारा स्पर्धेचा पोशाख), प्रवेश फी, प्रवास, मुक्काम आलेच. त्यांचा तुमच्या पत्रात उल्लेखच नाही, म्हणजे तेही कार्डावरच जाणार असं दिसतंय.

परदेशी बेल्ट वाईट आहे असं नाही. चांगलं चामडं वर्षानुवर्षं टिकतं, जुन्या बेल्टलाही गिऱ्हाईक मिळतं. पण बेल्टचं काम काय, तर खोल श्वास घेऊन पोट त्यावर दाबायचं, म्हणजे आतला दाब वाढतो आणि धड ताठ राहतं. हे तंत्र १० मिमीवरही तितकंच शिकता येतं. १३ मिमीचा नवा बेल्ट सुरुवातीला फळीसारखा कडक असतो, बरगड्यांना टोचतो. पहिल्या स्पर्धेच्या तोंडावर ही कटकट कशाला?

त्यातून तुम्ही ६६ किलोच्या गटातून ७४ मध्ये जायचं म्हणताय, म्हणजे कंबर बदलणार. बऱ्याच लिव्हरची जागा बदलायला स्क्रू काढावे लागतात. काट्याच्या बकलात भोक बदललं की झालं.

म्हणून सचिवांचा होकार आला की ५,५०० चा घ्या, रोखीने. महिना २,००० चा जो हप्ता भरायला तयार होता, तो आवर्ती ठेवीत टाका. वर्षाने २४,००० जमतील. तोवर राज्य स्पर्धेपर्यंत पोचलात आणि वजनगट ठरला, तर परदेशी बेल्ट खुशाल घ्या.

मागवताना पँटचं माप देऊ नका. बेंबीच्या उंचीवर, व्यायामाच्या कपड्यांवरून टेप लावा आणि ते माप मधल्या भोकावर येईल असा साइझ निवडा.