ब्रेड कोण आणतं?

"मॅडम, नवरा चांगला आहे, घर चांगलं आहे, खिडकीतून समुद्राची रेघ दिसते. तरी संध्याकाळी पोळ्या लाटताना रडू येतं. मी कृतघ्न आहे का हो?"

नवऱ्याबरोबर परदेशी गेलेल्या मुलींकडून हा प्रश्न समुपदेशक म्हणून मला वरचेवर येतो. शब्द बदलतात, पण असं वाटणं म्हणजे आपलंच काहीतरी चुकतंय ही टोचणी तीच असते. त्यातल्या एका जोडप्याबद्दल लिहिते आहे. दोघांना विचारलं आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ती साताऱ्याची. पुण्यात सात वर्षं बँकेत नोकरी केलेली. नवरा सॉफ्टवेअरमधला, फ्रान्सच्या दक्षिणेला सोफिया अँतिपोलिसला कामाला. राहायला जवळच, आंतीबला. तिच्या परवान्यावर नोकरी करायला बंदी नाही, पण फ्रेंच येत नाही म्हणून कुठून मुलाखतीचं बोलावणंही नाही. बंदी नसतानाही घरी बसावं लागतं, हे तिला जास्त लागायचं. "आता व्हिसावर तरी कसं ढकलू?" असं ती म्हणाली होती.

भांडणाचं कारण पोळी. तिथल्या पिठाच्या पिशव्यांवर टी ४५, टी ५५, टी ६५ असे आकडे असतात, ते थेट टी १५० पर्यंत. आकडा चढेल तसा कोंडा वाढतो. टी ५५ म्हणजे जवळजवळ आपला मैदाच, त्याची पोळी वातड होते. टी १५० मध्ये कोंड्याचे मोठे तुकडे, पोळी लाटताना कडा फाटतात. आपल्या चक्कीत गहू रगडला जातो, ते पीठ भरपूर पाणी धरतं. तिथलं पीठ तसं वागत नाही. ती पिठं बदलत होती, पाणी कमी-जास्त करत होती, आणि रोज आठ वाजता ताटात पापडासारख्या पोळ्या. त्यावर नवरा म्हणाला, "कशाला एवढी दमतेस? येताना बगेट आणतो ना." त्या लांबट फ्रेंच ब्रेडवरून दोन दिवस अबोला.

पहिल्याच सत्रात मी तिला फ्रेंचच्या वर्गांबद्दल सांगितलं. तिथे बऱ्याच गावांत स्वयंसेवी संस्था अगदी नाममात्र पैशांत शिकवतात. सल्ला बरोबर होता, वेळ चुकीची होती. ती "हो मॅडम" म्हणाली आणि पुढच्या आठवड्याचं सत्र तिने रद्द केलं. रडणाऱ्या माणसाच्या हातात आधी पत्ता ठेवायचा नसतो. तिचं रडू नीट ऐकून घेण्याआधी मी पुढे धावले होते.

ती परत आली तेव्हा मी सल्ला बाजूला ठेवला आणि साधं विचारलं, "ब्रेड कोण आणतं?"

"तोच."

"पहिल्यापासून?"

स्क्रीनवर ती बराच वेळ खाली बघत राहिली. मग सांगितलं. आल्यानंतर दुसऱ्या आठवड्यात ती एकटी कोपऱ्यावरच्या बेकरीत गेली होती. आपण किराण्याच्या दुकानात शिरतो तशीच शिरली, बोट दाखवून इंग्रजीत म्हणाली, "वन बगेट." काउंटरमागच्या बाई थांबल्या, हात मागे घेतला आणि एकेक अक्षर सुटं करून म्हणाल्या, "बाँ-जूर." मागे रांग होती. हिला कळेना काय चुकलं. पैसे ठेवले, ब्रेड घेतला आणि घरी येऊन दार लावून रडली. त्या दिवसापासून त्या बेकरीवरून जायला नको म्हणून ती लांबच्या रस्त्याने जायची. नवऱ्याला यातलं काही माहीत नव्हतं.

फ्रान्समध्ये दुकानात शिरताना आधी बाँजूर, म्हणजे नमस्कार, म्हणायचं असतं, मग बाकीचं. न म्हणणं म्हणजे समोरच्याला माणसात न धरणं. आपल्याकडे कुणाच्या घरी गेल्यावर "कसे आहात?" न विचारता थेट चहा मागण्यासारखं. त्या बाईंना ही उद्धट वाटली, हिला त्या. हे समजावून सांगायला दोन मिनिटं पुरली. पण सात वर्षं लोकांनी काउंटरपलीकडून जिला "मॅडम" म्हटलं, तिला एका काउंटरने शाळकरी पोर करून टाकलं, ते निवळायला वेळ लागणारच होता. आणि म्हणूनच नवरा बगेट आणतो म्हणाला की तिला ऐकू यायचं, तुझ्याने तेही होत नाही, आणि पोळीही नाही.

पुढच्या वेळी नवऱ्याला बोलावलं. शांत मुलगा. तो म्हणाला, "जेवणाची सुट्टी तासाभराची असते. सगळे भराभरा बोलतात. सगळे हसले की मी हसतो. घरी येईपर्यंत डोकं बधिर झालेलं असतं. आणि घरी आलो की ही घामेघूम, डोळे लाल. मीच हिला इथे आणलंय ना?" बगेट त्याच्या लेखी ओझं कमी करण्याचा उपाय होता. ती त्याच्याकडे बघत म्हणाली, "तू कधी बोलला नाहीस हे." माझं काम त्या वेळी गप्प बसण्याचं होतं, तेवढं केलं.

त्यानंतर दोघांना एकेक गोष्ट दिली. तिने रोज त्याच बेकरीत, त्याच वेळेला जायचं. फ्रेंच शिकायला नव्हे, फक्त तोंडओळख व्हायला. दोनच वाक्यं: "बाँजूर मादाम" आणि "युन त्रादिस्याँ, सिल व्हू प्ले." त्रादिस्याँ म्हणजे १९९३ च्या कायद्यानुसार केलेला पारंपरिक ब्रेड, पीठ न गोठवता, वरून कसली द्रव्यं न घालता. तो मागणाऱ्याला ब्रेडमधलं कळतं, एवढा मान त्या शब्दात आहे. आणि नवऱ्याला सांगितलं, बाजारात तिच्यासाठी बोलायचं नाही, एक पाऊल मागे उभं राहायचं. हे त्याला फार जड गेलं. मदत करणाऱ्याला हात आवरणं अवघडच असतं.

शनिवारी दोघं नीसच्या कूर सालेया बाजारात गेले. तिथे 'सोका' मिळतो: हरभऱ्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल, मोठ्या तव्यावर लाकडाच्या भट्टीत भाजलेला, वर मिरपूड. तो मागे उभा, हिने "द" म्हणत दोन बोटं दाखवली. पहिला घास खाल्ला आणि त्याला म्हणाली, "अरे, हे तर बेसनाचं धिरडं! आईचं जरा जाड राहिलं की असंच लागतं." त्या संध्याकाळी घरी पोळी नाही, ब्रेड नाही, मिरची-कोथिंबीर घातलेली धिरडी झाली. तव्यापाशी तो होता.

बेकरीत पहिले काही दिवस ती नुसती घाम पुसत परत यायची. एकदा सुट्टीच्या वारी जाऊन बंद दारावरून परतली आणि मला मेसेज आला, "आज बंद होती, मला चक्क वाईट वाटलं." तो मेसेज मी दोनदा वाचला. मग पाचव्या-सहाव्या आठवड्यात कधीतरी, ही बाँजूर म्हणते तोवर बाईंनी मागच्या फळीवरून एक जास्त भाजलेला, खरपूस ब्रेड काढून ठेवलेला. हिला तसाच आवडतो हे त्यांनी बघून ठेवलं होतं. घराबाहेर, त्या अख्ख्या गावात, तिची आवड माहीत असलेलं एक माणूस झालं. फ्रेंचचा वर्ग तिने त्यानंतर स्वतःहून शोधला, मला न विचारता.

हे सगळ्यांना इतक्यात निभावेल असं नाही. झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, सकाळी उठावंसंच वाटत नसेल आणि असं दोन-दोन आठवडे चालू असेल, तर बेकरीच्या फेऱ्यांवर थांबू नका, डॉक्टरांना भेटा. फ्रान्समध्ये राहत असाल तर 'मों सुतियाँ प्सी' या सरकारी योजनेत मानसशास्त्रज्ञाकडच्या वर्षाला १२ सत्रांपर्यंत खर्चाचा मोठा भाग परत मिळतो. मराठीत बोलायचं असेल तर वेळेचा फरक उन्हाळ्यात साडेतीन तासांचा, हिवाळ्यात साडेचार. आमच्यासारखे बरेच जण तो सांभाळून घेतात.

पोळ्याही सुधारल्या. टी ८० आणि टी ११० अर्धं-अर्धं, कोमट पाणी, आणि कणीक तासभर मुरू द्यायची. आठवड्यातून तीन दिवस पोळी, बाकी दिवस ब्रेड, असं त्यांचं त्यांनी ठरवलं. मागच्या सत्रात नवऱ्याने गंभीर चेहऱ्याने तक्रार मांडली की बगेटचं कुरकुरीत टोक घरी पोचतच नाही. तिने नाकारलं नाही. म्हणाली, "गरम असतं हो मॅडम. वळणावर पोचेपर्यंत संपतं."