घरच्या घरी वेल्डिंगसाठी पहिलं टिग मशीन घेताना (टिग म्हणजे टंगस्टनच्या न वितळणाऱ्या काडीने, गॅसच्या आडोशात केलेलं वेल्डिंग)

आधी ठरवा, ॲल्युमिनियम करायचंय का? त्यासाठी एसी-डीसी मशीन लागतं आणि किंमत एकदम वर जाते. लोखंड आणि स्टीलच्या रेलिंग, स्टँड, टेबलासाठी साधं २०० अँपिअरचं डीसी इन्व्हर्टर पुरतं. मात्र एचएफ स्टार्ट (न टेकवता ठिणगी पेटते) आणि पोस्ट-फ्लो (आर्क, म्हणजे विजेची ज्योत, विझल्यावरही थोडा वेळ गॅस सुरू राहतो) असलेलंच घ्या, यात काटकसर नको. एचएफ नसलेल्या लिफ्ट स्टार्टला टंगस्टन जॉबला, म्हणजे जोडायच्या तुकड्याला, टेकवावा लागतो. नवख्या हाताने तो चिकटतो, टोक खराब होतं आणि दर वेळी ग्राइंडरवर जावं लागतं.

डब्यावरच्या २०० आकड्यावर जाऊ नका, ड्युटी सायकल विचारा, म्हणजे त्या करंटवर दहा मिनिटांपैकी किती मिनिटं सलग चालतं ते. दीड-दोन मिलिमीटरच्या पत्र्याला ५० ते ८० अँपिअर लागतात. घरी १६ अँपिअरचा वेगळा पॉइंट आणि अर्थिंग हवंच.

मशीनइतकाच खर्च गॅसचा, हे बरेच जण विसरतात. शुद्ध आर्गॉनच लागतो; सीओटू मिसळलेल्या गॅसने टंगस्टन जळतो. पुण्याजवळ भोसरीच्या बाजूला गॅसवाल्यांकडे सिलिंडरचं डिपॉझिट आणि रिफिल आधीच विचारून घ्या. १० लिटरचा सिलिंडर १५० बारला भरला, तर मिनिटाला ७ लिटरने साधारण साडेतीन तास चालतो.

टॉर्च मायनसला, अर्थ क्लॅम्प प्लसला. १.६ मिलिमीटरचा टंगस्टन घ्या आणि टोक लांबीच्या दिशेनेच घासा, आडव्या रेषा पडल्या की आर्क भरकटतो. वेल्डचा टाका काळा, भोकाभोकांचा दिसला तर पंखा सुरू आहे का बघा, वाऱ्याने गॅस उडतो; मग पत्र्यावरचा गंज बघा. पुण्याच्या पावसाळ्यात तो रातोरात चढतो.