वाचक विचारतात: गिटारला चपड्याचं पॉलिश

प्रश्न: घरी क्लासिकल गिटार बांधली आहे. वरची फळी स्प्रूसची, मागची आणि बाजूच्या फळ्या शिसवीच्या. फ्रेंच पॉलिशसाठी चपडा किती घ्यायचा? आणि प्युमिसची पूड सगळीकडे लावायची का?
(वाचक, नाशिक)

उत्तर: फ्रेंच पॉलिश म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेला चपडा (शुद्ध केलेली लाख) कापडाच्या बोळ्याने पातळ थरांत चढवणं. एका गिटारीला 60 ग्रॅम चपडा पुरून उरतो. तो 250 मिली स्पिरिटमध्ये टाका, काचेच्या बरणीत रात्रभर ठेवा, अधूनमधून हलवा. साध्या चपड्यात मेण असतं. बरणी आठवडाभर न हलवता ठेवली की ते तळाशी बसतं. वरचं नितळ तेवढं ओतून घ्या. बोळ्यासाठी यातलं थोडं काढून त्यात तितकंच स्पिरिट मिसळायचं. बरणीवर तारीख लिहा. सहा महिने जुनं द्रावण वापरण्याआधी काचेवर एक थेंब टाकून पाहा. दुसऱ्या दिवशी नख रुतलं तर फेकून द्या, ते कधीच कडक होणार नाही.

बोळा म्हणजे आत लोकर, वरून धुऊन मऊ झालेलं जुनं धोतर, आकार अक्रोडाएवढा. तळाला एकही सुरकुती नको. बहुतेकांचं काम इथेच बिघडतं: बोळा ओला असतो. तो हाताच्या मागच्या बाजूला टेकवा. गार लागावा, पण ओल उमटू नये. चालता चालता फळीवर उतरायचं आणि चालता चालताच उचलायचं. मध्ये थांबलात की स्पिरिट खालचा थर विरघळवतं आणि बोळा तिथेच चिकटतो. बरोबर चालला तर त्याच्या मागे धुक्यासारखी रेघ उमटते आणि दोन-तीन सेकंदांत उडून जाते. ती उमटेनाशीच झाली तर बोळ्याला चपडा पाजा. रेंगाळायला लागली तर बोळा कागदावर टेकवून कोरडा करा. अडखळू लागला तर ऑलिव्ह तेलाचा एक थेंब. शेवटच्या फेऱ्यांत जवळपास कोरड्या, नुसत्या स्पिरिटच्या बोळ्याने ते तेल काढायचं.

प्युमिस, म्हणजे ज्वालामुखीच्या सच्छिद्र दगडाची पूड, फक्त शिसवीला. आधी पातळ चपड्याचे दोन-तीन हात द्या, मग स्पिरिटच्या बोळ्यावर चिमूटभर पूड भुरभुरून लहान वर्तुळांत घासा. पूड थोडं लाकूड आणि चपडा खरवडते, तोच लगदा छिद्रांत भरतो. पूड जास्त आणि चपडा कमी झाला की छिद्रं पांढरी दिसतात, आणि मग ती काढणं जिकिरीचं. स्प्रूसला छिद्रं नसतातच. तिथे पूड मऊ रेषांत अडकून फळी मळकट दिसते. शिसवीचा रंग स्पिरिटमध्ये सुटतो, म्हणून फिकट बाइंडिंगवर (कडेच्या पट्टीवर) बारीक ब्रशने आधीच चपडा लावून ठेवा आणि स्प्रूससाठी बोळा वेगळाच ठेवा. ब्रिज (तारा बांधायची पट्टी) चिकटवायची जागा आणि फ्रेटबोर्ड (बोटं ठेवायची पट्टी) टेपने झाका. एका बैठकीत एका भागाला पंधरा-वीस मिनिटं, अशा आठ-दहा बैठका. तारा चढवायला तीन आठवडे तरी थांबा. खोलीत स्टोव्ह किंवा देवघरातला दिवा पेटता नको, खिडकी उघडी हवी.

प्रश्न: जुलैत पॉलिश केलं, तर पांढुरकी साय आली. चपडा खराब होता का?
(वाचक, रत्नागिरी)

उत्तर: बहुधा चपड्याचा दोष नाही. स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि दमट हवेतलं पाणी थरात शिरतं. स्पिरिटमध्येच पाणी असेल तर आणखी लवकर. 99 टक्क्यांचा आयसोप्रोपिल अल्कोहोल बरा, फक्त तो थोडा सावकाश उडतो. आधी बोटाने पुसून बघा. बोटाखाली साय सरकली तर ते तेल आहे. सरकली नाही तर ओल. ओलीची साय कोरड्या दिवशी बऱ्याचदा आपोआप जाते, नाहीतर स्पिरिटचा निमकोरडा बोळा भरभर एकदाच फिरवा. एसीची खोली असेल तर तिथे काम करा, नाहीतर दसऱ्यानंतर.

प्रश्न: दुकानातून घेतलेल्या जुन्या गिटारची चमक गेली आहे. तिच्यावर हेच करता येईल का?
(वाचक, सोलापूर)

उत्तर: करू नका. कारखान्यातलं पॉलिएस्टर किंवा पॉलियुरेथेन स्पिरिटने विरघळत नाही, म्हणून चपडा त्यात मिसळत नाही, नुसता वर बसतो. खरवडायला जाल तर प्लायवूडच्या फळीवरचा विनियर (वरचा पातळ लाकडी थर) अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचा असतो, पॉलिश पेपर पार जातो. कार पॉलिशच्या बारीक पेस्टने घासा, पण सिलिकॉन नसलेली घ्या.