उघडं अंग, कपड्यातली मिर्री आणि गावातली कुजबुज

प्रश्न: ताई, माही पोरगी नागपूरले चित्रकलेच्या कॉलेजात शिकते. दिवाळीत घरी आली त गुंडाळी करून काही चित्रं आणले, त्यात एका उघड्या बाईचं मोठं चित्र होतं. म्हणे फिनलंडच्या एक्सप्रेशनिस्ट, म्हंजे मनातलं रंगात दाखवनाऱ्या चित्रकारायचा प्रोजेक्ट हाय. अंग हिरवट, पोट सुटलेलं, चेहरा थकलेला. शेजारच्यायनं पाह्यलं अन् गावात कुजबुज सुरू झाली, पोरीच्या बाबानं त चित्र उचलून कोठीत नेऊन ठेवलं. असं चित्र काढनं वाईट हाय का? अन् काढाचंच व्हतं त मंग इतकं बेढब काहून?
(एक आई, घाटंजी तालुका, जि. यवतमाळ)

उत्तर: ताई, वाईट अजिबात नाही, आणि चित्र आधी कोठीतून बाहेर काढा, दमट जागेत कागदाला बुरशी लागते.

माणसाचं अंग काढता येणं हा चित्रकलेचा पायाच आहे, हाड कुठं, स्नायू कुठं, बसल्यावर वजन कुठं पडतं हे सगळं शिकावं लागतं. आपल्याकडं बऱ्याच ठिकाणी मॉडेल कपड्यातच बसतं, त्यामुळं पोरं जुन्या चित्रांच्या कॉपी करून शिकतात, तुमच्या पोरीनं तेच केलंय. आणि उघडं अंग आपल्याला कुठं नवीन आहे हो? वैनगंगेच्या काठावर मार्कंड्याला महाशिवरात्रीची जत्रा भरते, आज्या नातवंडांना घेऊन जातात, तिथल्या मंदिराच्या भिंतींवर काय काय कोरलंय ते सगळ्यांना दिसतं. लोणारच्या दैत्यसूदन मंदिरातही तेच. तिथं कुणी कुजबुजत नाही.

आता बेढब का, हा तुमचा दुसरा प्रश्न, आणि तो मला जास्त आवडला, कारण फिनलंडमध्येही खरं भांडण यावरूनच झालं होतं. नागडेपणावरून तिथं फार गदारोळ होत नाही. त्या देशात 55 लाख माणसं आणि 30 लाखांच्या आसपास सौना, म्हणजे वाफेनं अंघोळ करायच्या खोल्या, घरचे सगळे त्यात उघड्या अंगानं एकत्र बसतात. जुन्या काळी बाळंतपणं सौनातच व्हायची, मयताला अंघोळही तिथंच घालायचे. 2020 मध्ये युनेस्कोनं ही परंपरा आपल्या यादीत घेतली. गॅलेन-काल्लेला नावाच्या मोठ्या चित्रकारानं 1891 मध्ये आयनोचं तीन भागांचं चित्र काढलं. आयनो म्हणजे त्यांच्या कालेवाला महाकाव्यातली पोरगी, भावानं तिला एका म्हाताऱ्याला देऊन टाकायचं कबूल केलं आणि तिनं पाण्यात जीव दिला. मधल्या भागात ती उघड्या अंगानं म्हाताऱ्याच्या हातातून सुटून पाण्यात झेपावते. ते चित्र तर सरकारनंच त्याला काढायला सांगितलं होतं, आज हेलसिंकीच्या अतेनेउम म्युझियममध्ये मानानं लावलंय.

आणि शिव्या कुणाला पडल्या? त्यूको सालिनेन या फिनिश एक्सप्रेशनिस्ट चित्रकाराला, तेही अंगभर काळा ड्रेस घातलेल्या बाईच्या चित्रापायी! ती त्याची बायको हेल्मी, तो तिला मिर्री म्हणायचा, ती स्वतःही चित्रकार होती. सालिनेन 1909 मध्ये पॅरिसला गेला, तिथले भडक रंग बघून आला आणि मग त्यानं मिर्रीला पुन्हा पुन्हा रंगवलं. गालाची हाडं वर आलेली, डोळे बारीक, नाक बसकं, रंग जाडजाड फासलेला. 1911 मध्ये त्यानं धुणं धुणाऱ्या बायाही काढल्या, आपल्याकडं नाल्यावर वाकून धुणं बडवतात ना, तशाच राबणाऱ्या. समीक्षक तुटून पडले, म्हणाले हा फिनिश माणसाची बदनामी करतोय. त्यामागं दुखरी नस होती. तेव्हा फिनलंड रशियाच्या ताब्यात होता, आणि युरोपातले वंशशास्त्रवाले फिनिश लोकांना मंगोल ठरवून खाली लेखायचे. शिकलेल्या लोकांना जगापुढं सुंदर, गोरागोमटा फिनिश माणूस दाखवायचा होता आणि ह्या शिंप्याच्या पोरानं नेमकी ती गालाची हाडं मोठी करून दाखवली. मला सालिनेन बरोबर वाटतो. लाज ज्या चेहऱ्याची वाटते तोच त्यानं समोर आणला.

पुढं 1916-17 च्या सुमारास सालिनेन आणि त्याच्या सोबत्यांचा नोव्हेंबर ग्रुप नावाचा चित्रकारांचा गट झाला, रंग काळपट-तपकिरी होत गेले, 1918 मध्ये तर देशात यादवी युद्ध पेटलं. एक्सप्रेशनिस्ट चित्रातलं उघडं अंग अशा काळातलं आहे. ते बघणाऱ्याला खूश करायला मांडलेलं नसतं, आत जे चाललंय ते कातडीवर आणायचं असतं, म्हणून कातडी हिरवी, निळी, लाल होते. अतेनेउमनं 1911 मध्ये नॉर्वेचा चित्रकार मुंक याचं अंघोळ करणाऱ्या पुरुषांचं चित्र विकत घेतलं, त्यात दोन उघडे पुरुष समुद्रातून सरळ आपल्याकडं चालत येतात, काहीही झाकलेलं नाही, आणि समुद्राचा निळा-हिरवा रंग त्यांच्या अंगावरसुद्धा उतरलाय. तुमच्या पोरीच्या चित्रातला हिरवा रंग त्याच घराण्यातला. सुटलेलं पोट, थकलेला चेहरा, ताई, लेकरं झालेल्या, दिवसभर कापूस वेचणाऱ्या बाईचं अंग असंच असतं, ते बेढब म्हणायचं का हे तुम्हीच पोरीसोबत बसून, चित्र समोर ठेवून बोला. तिच्या बाबांनाही बसवा.

प्रश्न: मी आश्रमशाळेत कलाशिक्षक आहे. नववीच्या मुलांना हे चित्रकार दाखवावेत का, आणि चित्रं मिळतील कुठं?
(एक वाचक, जि. गडचिरोली)

उत्तर: दाखवा सर, जरूर दाखवा. सुरुवात धुणाऱ्या बायांपासून आणि काळ्या ड्रेसमधल्या मिर्रीपासून करा, मुलांना आपापल्या आजीचा चेहरा जाडजाड रंगात काढायला सांगा. आयनो दाखवायची तर आधी गोष्ट सांगा, म्हाताऱ्याशी लग्न नको म्हणणारी पोरगी मुलांना लगेच कळते, मग ती उघडी आहे की नाही याकडं लक्ष कमी जातं. फिनलंडच्या नॅशनल गॅलरीच्या साइटवर जुनी, कॉपीराइट संपलेली चित्रं फुकट डाउनलोड होतात. प्रिंट मात्र फ्लेक्सवाल्याकडून नको, रंग भडक येतात, फोटो लॅबमधून मॅट कागदावर काढा.