पुण्याहून आईला घेऊन आगोंदला: मोपा, मडगाव की स्वतःची गाडी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जानेवारीत पुण्याहून चार माणसं, त्यात बहात्तर वर्षांची आई, दक्षिण गोव्यात, काणकोण तालुक्यातल्या आगोंदला चार रात्री. विमानाने मोपा, रेल्वेने मडगाव की स्वतःची गाडी? आणि खर्च किती? खर्चाचं शेवटी बघू. आधी रस्ता, कारण "मडगावला उतरा आणि टॅक्सी करा" एवढ्यावर आमचा अख्खा तालुका निकालात काढणाऱ्या माणसांचा मला मनस्वी कंटाळा आला आहे. मडगाव म्हणजे काणकोण नव्हे. मडगावपासून चावडी, म्हणजे काणकोणचं मुख्य गाव, महामार्गाने अडतीसेक किलोमीटर, मध्ये करमल घाट, आणि चावडीहून आगोंद आणखी दहाएक.

मोपा सोडा. तो विमानतळ पेडण्यात, गोव्याच्या उत्तर टोकाला. आम्ही दक्षिण टोकाला. जवळजवळ शंभर किलोमीटर. गोव्याचा दुसरा विमानतळ दाबोळी, तो साठच्या आसपास. तिकीट काढताना नुसतं "गोवा" वाचून बटण दाबू नका, कोड बघा. दाबोळीचा जीओआय, मोपाचा जीओएक्स. स्वस्त दिसणारं तिकीट बहुधा मोपाचं निघतं, आणि वाचलेले पैसे टॅक्सीत जातात. मोपाहून कदंबची, म्हणजे गोव्याच्या सरकारी महामंडळाची, बस मडगावपर्यंत येते, पण सामान आणि आई घेऊन मडगावात परत बस बदलायची म्हणजे शिक्षाच.

रेल्वे मला सगळ्यात बरी वाटते. निजामुद्दीनहून वास्कोला जाणारी गोवा एक्सप्रेस पुण्यावरून मिरज, बेळगाव, लोंढा करत पहाटे मडगावात पोचते. पहाटे पोचणं हाच तिचा मोठा गुण, कारण पुढचा घाट ट्रकांच्या रांगा लागायच्या आत पार होतो. काणकोणलाही कोकण रेल्वेचं स्टेशन आहे, कोड सीएनओ, पाळोळ्यापासून तीनेक किलोमीटर. तिथे थांबणाऱ्या गाड्या मोजक्या. मुंबईहून येणाऱ्या मांडवी, कोकणकन्या, जनशताब्दी, तेजस, वंदे भारत या सगळ्या मडगावातच संपतात. तेव्हा गाडीचं नाव शोधू नका, सीएनओ टाकून थांबा शोधा. रात्री काणकोण स्टेशनावर रिक्षा मिळेलच असं धरू नका; उतरण्याआधी मुक्कामाच्या ठिकाणी फोन करून गाडी सांगून ठेवा. आणखी एक घोळ: करमळी नावाचं स्टेशन पणजीजवळ, जुन्या गोव्याला आहे. त्याचा आमच्या करमल घाटाशी काही संबंध नाही. नाव सारखं वाटलं म्हणून तिथे उतरणारे महाभाग असतात.

आता घाट की किनारा. या विषयावर पणजीत राहणाऱ्या माझ्या मेव्हण्याशी माझं कधीच जमलेलं नाही. त्याचं म्हणणं, करमल घाट टाळावा आणि चिंचिणी, असोळणा, बेतूल, काब द राम, खोला असं किनाऱ्याने आगोंदला उतरावं. नकाशात तो रस्ता दिसतोही छान: एका बाजूला समुद्र, अंतर जवळपास तेवढंच. पण बेतूल सोडलं की रस्ता चढतो, जांभ्याच्या सड्यावरून, म्हणजे उघड्या खडकाळ माळावरून, वळत जातो आणि पुन्हा उतरतो. वळणं जवळजवळ, रुंदी कमी, समोरून बस आली की एकाने कडेला दबून थांबायचं. बेतूलनंतर आगोंदपर्यंत पेट्रोलच्या भरवशावर राहू नये, मोबाइलची रेंज मध्येच जाते आणि अंधारात काठ दिसत नाही. महामार्गाने तासाभरात होणारं काम इथे दीड तास घेतं. ज्याला गाडी लागते त्याच्यासाठी हा रस्ता नव्हेच.

करमल घाट वाईट आहे, हे मान्य. बाळ्ळीच्या पुढे जंगल सुरू होतं आणि रस्ता जुन्याच वळणांचा. कारवारकडून भरून येणारा लांब ट्रेलर आतल्या वळणावर दोन्ही बाजू व्यापतो. त्याची शेपूट वळेपर्यंत मागची गाडी आणि समोरची गाडी, दोघांनी थांबायचंच असतं. अपघात होतात ते न थांबणाऱ्यांचे. एखादा ट्रक चढावर बंद पडला की दोन्हीकडे रांग लागते, मग मधून घुसणारा एक शहाणा सगळ्यांना अडकवतो. उपाय साधा आहे. सकाळी आठच्या आत घाट पार करायचा, ट्रकमागे पंधरा मीटर सोडायचे, वळणावर हॉर्न द्यायचा. जाताना घाट, आणि परतताना, दिवसाउजेडी, हौस असेल तर किनारा. खोलगडचा किल्ला, म्हणजेच काब द राम, तेव्हा वाटेतच पडतो.

घाट उतरल्यावर चार रस्ता नावाचा नाका लागतो. इथून माशेपर्यंत नवा बायपास आहे, 2019 च्या नोव्हेंबरात सुरू झालेला, तळपण आणि गालजीबागेच्या नद्यांवरून जाणारा. गुळगुळीत रस्ता बघून माणसं सरळ सुटतात आणि माशेला पोचल्यावर चावडी मागे राहिल्याचं कळतं. चावडी, पाळोळे, आगोंद हवं असेल तर चार रस्त्यावर जुना रस्ता धरा.

स्वतःची गाडी आणणार असाल तर चोर्ला किंवा आंबोलीने येऊ नका. ते उत्तर गोव्याचे रस्ते. बेळगाव, खानापूर, रामनगर, अनमोड, मोले. मग नकाशा फोंड्याकडे ओढेल, त्याचं ऐकू नका. सावर्डे, कुडचडे, केपे करत बाळ्ळीला महामार्गाला लागा. मडगावच्या रहदारीचं तोंडही बघावं लागत नाही.

इथे येऊन भाड्याने गाडी घ्यायची तर पाटी बघा: काळ्यावर पिवळी अक्षरं म्हणजे स्वतः चालवायची भाड्याची गाडी. पांढऱ्या पाटीची कोणी स्वस्तात देऊ केली तर नको म्हणा, पोलिसांनी धरल्यावर मालक फोन उचलत नाही. ओला-उबर इथे नाही. टॅक्सीचा दर बसण्याआधी ठरवा, "परतीचं रिकामं भाडं धरून का?" हे विचारून. एकट्याला चावडीहून पाळोळ्याला जायचं असेल तर पिवळ्या मडगार्डचा पायलट, म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवाला, पुरतो, आईला अर्थातच नाही.

हे सगळं जानेवारीचं. पावसात घाटात झाडं पडतात, कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक गाड्या बऱ्याच उशिरा आणतं, आणि आगोंदच्या किनाऱ्यावरच्या मुक्कामाच्या झोपड्या मेअखेर मोडून ठेवलेल्या असतात. हिवाळ्यात आगोंद आणि गालजीबागेला कासवं अंडी घालायला येतात. रात्री किनाऱ्यावर विजेरी फिरवू नका.

खर्चाचा आकडा मी मुद्दाम देत नाही, जानेवारीत तो आठवड्याला बदलतो. आणि हो, आईला गाडी लागत नसेल, दिवस असेल आणि चालवणारा इथला असेल, तर बेतूलचा रस्ताही चालेल. हे मेव्हण्याला सांगू नका.